पलंग ते बाथरूम

"हलला! अहो, हलला! मी बघितला!"

बायकोच्या या आरोळीसरशी व्यायामाच्या हॉलमधल्या बाकीच्या चार पेशंटांनी माना वळवल्या. सापडलेकर गादीवर उताणे पडले होते. त्यांनी मान उचलून आपल्या उजव्या पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा जागच्या जागी होता. दुसऱ्याच्या घरी विसरून आलेल्या छत्रीसारखा, आपला असून आपल्या कामाचा नाही असा, गेले चौदा महिने तो तिथेच होता.

"परत हलवा बरं काका," फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाली आणि अंगठ्यापाशी गुडघे टेकून बसली.

सापडलेकरांनी डोळे मिटले, दात आवळले आणि होता नव्हता तेवढा जीव कमरेच्या खाली ढकलला. कपाळावर घाम आला. मानेच्या शिरा तटतटल्या. कान लाल झाले. अंगठा ढिम्म.

"आत्ता हलला होता," बायको म्हणाली. "मी वहीत लिहूनच ठेवते. अकरा वाजून वीस मिनिटं."

"काकू, तो झटका होता. स्नायू आपोआप आखडतो. काकांनी हलवलेला नाही तो."

"तुम्हाला काय माहीत, त्यांनी हलवला नाही ते?"

फिजिओबाईने सापडलेकरांकडे पाहिलं. "काका, तुम्ही हलवलात?"

हो म्हणून टाकावं असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. बायकोचं पेन वहीवर टेकलेलं होतं. पण तीस वर्षं कागदपत्रांत काढलेल्या माणसाला खोटी नोंद करवेना.

"मी तेव्हा घड्याळाकडे बघत होतो," ते म्हणाले. "चहाला किती वेळ आहे ते."

सापडलेकर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये ते कारकून होते. छतापर्यंत गेलेली लोखंडी कपाटं, त्यांत हजारो फायली, आणि कुठली फाइल कुठे आहे ते सांगू शकणारा अख्ख्या इमारतीत हा एकच माणूस. बाहेर खिडकीशी लोक ताटकळत उभे असायचे आणि आत कुठून तरी धुळीतून आवाज यायचा, "सापडलं!" त्यावरून कुणीतरी गमतीने हे आडनाव चिकटवलं आणि ते इतकं चिकटलं, की पत्रंसुद्धा त्याच नावाने येऊ लागली.

एका दुपारी साहेबांना बावीस वर्षांपूर्वीची एक फाइल तातडीने हवी झाली. सापडलेकर शिडीच्या नवव्या पायरीवर चढले. फाइल हाताला लागली, "सापडलं" म्हणून झालं, आणि शिडी सरकली. पडतानाही त्यांनी फाइल सोडली नाही. मागाहून कळलं की साहेबांना दुसऱ्याच वर्षाची हवी होती.

पाठीचा मणका मोडला. ऑपरेशन करून त्यात सळया आणि स्क्रू बसवले. मणका जुळला, पण मज्जारज्जू आतल्या आत चेंगरला होता आणि तो काही स्क्रूने जुळण्यासारखा नव्हता. कमरेखाली ना हालचाल, ना संवेदना. लघवी नळीने काढायची. पोट साफ करायला सकाळी औषध द्यायचं आणि वेळ गाठायची. वरचा अर्धा माणूस मात्र होता तसाच राहिला, आणि त्रास त्या अर्ध्यालाच होता.

मग मेहुण्याने स्टेम सेलचं काढलं. मेहुणा ट्रॅव्हल एजन्सीत होता. कुठलीही गोष्ट जुळवून आणण्यात त्याचा हातखंडा. त्याने हॉस्पिटल शोधलं, तारखा मिळवल्या, गाडी ठरवली. तिथले डॉक्टर शांत, मोजकं बोलणारे होते. कमरेच्या हाडातून मगज काढायचा, त्यातल्या मूळ पेशी वेगळ्या करायच्या आणि पाठीत सुई घालून मज्जारज्जूच्या भोवती सोडायच्या, असं त्यांनी समजावून सांगितलं. "हे अजून अभ्यासाच्या पातळीवर आहे," ते म्हणाले होते. "काहींना थोडा फायदा दिसतो, बऱ्याच जणांना दिसत नाही. खात्री कुणीच देऊ शकत नाही." हे वाक्य तिघांनीही ऐकलं. मेहुण्याला त्यातलं 'फायदा दिसतो' एवढं ऐकू आलं, बायकोला 'थोडा' ऐकू आलं आणि सापडलेकरांनी पूर्ण वाक्य ऐकून खाली सही केली. अशी तीन इंजेक्शनं घ्यायची होती. दोन झाली होती.

तेव्हापासून घराला एकच प्रश्न पुरत होता. फरक पडला का? शेजारी विचारत. कचेरीतले फोनवर विचारत. दूध टाकायला येणारा माणूससुद्धा दारातून आत डोकावून भुवया उंचावायचा. सुरुवातीला सापडलेकर सविस्तर सांगत. मग "बघू" म्हणत. अलीकडे ते पेपर तोंडापुढे धरत.

बायको बालवाडीत शिकवायची. सध्या बिनपगारी रजेवर होती. चार वर्षांच्या मुलांशी बोलून बोलून तिच्या जिभेला जे वळण लागलं होतं, ते नवऱ्याशी बोलतानाही सुटेना. औषध घेतलं, शाब्बास. हात वर केले, शाब्बास. एका सकाळी पोट नीट साफ झालं, तेव्हाही ती टाळी वाजवायच्या बेतात "शाब्बास!" म्हणाली, आणि सापडलेकरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"त्रेपन्नाव्या वर्षी याबद्दल शाब्बासकी? अगं, आता एक चॉकलेटही दे!"

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. गप्प बसता येत नाही का एखाद्याला?"

ती गप्प बसली. दोन दिवस बसली. ते त्याहून वाईट होतं.

अंगठ्याच्या प्रकरणानंतर आठवडाभराने फिजिओबाईने दोघांनाही समोर बसवलं. तिशीची, आखूड केसांची, भरभर बोलणारी मुलगी. सापडलेकर मनातल्या मनात तिला हवालदारीण म्हणत.

"काका, तुम्हाला उभं करायला मला दोन माणसं लागतात, पायांना पट्टे लागतात आणि दहा मिनिटांत तुम्हाला चक्कर येते. तासातला पाऊण तास त्यातच जातो. ते करूच आपण, हाडांसाठी चांगलंच आहे. पण पलंगावरून खुर्चीत तुम्हाला अजून स्वतःहून बसता येत नाही. हे आधी यायला हवं होतं." तिने एक गुळगुळीत लाकडी फळी पुढे केली. "हिचं एक टोक पलंगावर, एक खुर्चीवर. हातांवर भार घ्यायचा आणि बसल्या बसल्या सरकायचं. दंड चांगले आहेत तुमचे. तीन महिन्यांत शिकाल."

"खुर्ची म्हणजे चाकांची?" बायकोने विचारलं.

"हो."

"ती घरात नको. एकदा आली की ती जायची नाही."

फिजिओबाई सापडलेकरांकडे वळली. खरं सांगायचं तर त्यांनाही ती नकोच होती.

"म्हणजे तुम्ही ठरवूनच टाकलंत," ते म्हणाले. "मी चालणार नाही."

"मी काहीच ठरवलं नाही. चालाल तेव्हा चालाल. तोवर बाथरूमला कसे जाणार, एवढंच विचारतेय."

"तोवर आहे ना माणूस!"

त्यांचा आवाज एवढा चढला, की पलीकडचा पेशंट हातातलं वजन खाली ठेवून बघू लागला. फिजिओबाईने फळी भिंतीला टेकवून ठेवली. "बरं," ती म्हणाली. "पट्टे बांधू या."

मदतीला ठेवलेला तो माणूस रोज सकाळी सातला यायचा. सापडलेकरांना काखेत धरून उचलायचा, बायको पाय सांभाळायची, आणि ही वरात पलंगापासून बाथरूमपर्यंत जायची. जेमतेम आठ पावलांचं अंतर. आत कमोडवर बसवलं, की बायको दार सताड उघडं ठेवून समोर स्टूल टाकून बसायची, तोल गेला तर धरायला. सापडलेकर भिंतीकडे बघत. ती खिडकीकडे बघे.

एके दिवशी सात वाजून गेले तरी माणूस आला नाही. पोटाचं औषध तर पावणेसातलाच देऊन झालं होतं. सव्वासातला त्याचा फोन आला, बस बंद पडलीय, पोचायला दोन तास तरी लागतील.

"शेजारच्यांना बोलावू का?" बायकोने विचारलं.

"नको."

"मग मीच धरते. आठच तर पावलं आहेत."

"तुला नाही झेपणार."

"झेपतं. गळ्यात हात टाका."

त्यांनी हात टाकले. तिने कंबर कसून त्यांना उचललं. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि तिच्या तोंडून "आई गं" एवढंच निघालं. सापडलेकर तिच्या अंगावरून सावकाश, जिना उतरावा तसे, खाली आले. ती शेजारी कुशीवर पडली.

"लागलं का?" दोघांनीही एकदमच विचारलं.

"मला कुठे काय लागणार," ते म्हणाले. "तुझं सांग."

"कमरेत उसण भरलीय. हलले की जीव जातोय."

तेवढ्यात औषधाने आपलं काम केलं. सापडलेकरांना ते कळलं नाही. वास आला तेव्हा कळलं. फरशी गार होती. फोन पलंगापलीकडच्या उंच टेबलावर राहिला होता. दोघं एकमेकांकडे तोंड करून, हातभर अंतरावर, तसेच पडून राहिले.

"आता म्हण," सापडलेकर म्हणाले. "शाब्बास म्हण."

तिला हसू फुटलं. हसण्याने उसण आणखी ठणकली. ती कण्हत कण्हत हसत राहिली आणि हसता हसता कधी रडायला लागली ते तिचं तिलाही समजलं नाही. सापडलेकरांना तिच्या डोक्याखाली काहीतरी द्यावंसं वाटलं. उशी पलंगाच्या कडेला लोंबत होती, चार फुटांवर. ते कोपरांवर उठले आणि मागचं निर्जीव ओझं ओढत सरपटू लागले. चार फूट जायला आणि चार फूट यायला त्यांना बराच वेळ लागला. धाप लागली, कोपरं सोलवटली. उशी तिच्या मानेखाली सारली तेव्हा ती शांत झाली होती.

"मी एक्कावन्नची आहे," ती म्हणाली. "किती वर्षं उचलेन मी तुम्हाला?"

त्यांनी उशीचा दुमडलेला कोपरा तिच्या मानेखाली सरळ केला.

"मला वाटायचं, खुर्ची आणली म्हणजे मी तुमच्या पायांवर पाणी सोडलं."

"मलाही तसंच वाटायचं," सापडलेकर म्हणाले.

माणूस साडेनऊला आला. दाराला बाहेरून किल्ली लावून तो आत शिरला आणि उंबऱ्यातच थबकला. दोघांनीही त्याच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की त्याने बस का बंद पडली हे सांगायचा विचार सोडून दिला.

दुसऱ्या दिवसापासून फळीचा सराव सुरू झाला. बायको आठ दिवस पट्टा बांधून झोपून होती. तिला बघायला शेजारीण यायची. हॉलमध्ये सापडलेकर तिच्याशिवाय, त्या माणसाबरोबर जात. फळीवर बसायचं, मुठी आवळून दंडांवर भार घ्यायचा, बोटभर सरकायचं, दम खायचा. पाय मागून येत नसत. त्यांना एकेक करून हाताने उचलून आणावं लागे, झोपलेल्या मुलांना गाडीतून उतरवावं तसं. पहिल्या आठवड्यात ते दोनदा गादीवर कोसळले. दुसऱ्यांदा पडले तेव्हा त्यांनी फिजिओबाईला एक अशी शिवी हासडली, जी त्यांनी कचेरीत तीस वर्षांत कुणालाही दिली नव्हती. तिने ती शांतपणे ऐकून घेतली.

"झालं? डावा हात मागे ठेवा. तुम्ही पुढे ठेवता म्हणून पडता."

तिसऱ्या इंजेक्शनच्या आधीची तपासणी आली. मेहुणा गाडी घेऊन हजर झाला. डॉक्टरांनी टाचणी आणि कापूस घेऊन पायाच्या बोटांपासून बेंबीपर्यंत एकेक जागा तपासली. "टोचतंय?" "नाही." "आता?" "नाही." "आता?" अर्धा तास हेच. मग त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"पहिल्या दिवशीचे आकडे आणि आजचे आकडे सारखेच आहेत," ते म्हणाले.

"पण अंगठा हलतो ना मधूनमधून!" मेहुणा म्हणाला. "ताईने वेळेसकट लिहून ठेवलंय."

"ते झटके आहेत."

"दोन डोसात कसं कळणार डॉक्टर? तिसरा झाल्यावरच खरं कळेल."

"तिसरं पुढच्या आठवड्यात देता येईल. उपयोग होईल असं मी म्हणू शकत नाही. होणारच नाही असंही म्हणू शकत नाही."

सापडलेकर उसळले. "डॉक्टर, मी रेकॉर्ड रूममध्ये होतो. सगळी कपाटं धुंडाळून झाली, की मी लोकांना सरळ 'नाही' म्हणून लिहून द्यायचो. लोक रडायचे, भांडायचे, पण निदान घरी तरी जायचे. तुम्ही मला इतके महिने खिडकीशी उभं करून ठेवलंय. म्हणजे, उभं हे आपलं म्हणायला."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "माझी सगळी कपाटं बघून झालेली नाहीत," ते म्हणाले. "कुणाचीच झालेली नाहीत. म्हणून मला 'नाही' लिहून देता येत नाही. द्यावंसं वाटलं तरी."

या उत्तरावर रागवायलाही जागा नव्हती, आणि त्याचाच सापडलेकरांना जास्त राग आला. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"इंजेक्शन घेतलं तर हातांचा व्यायाम किती दिवस बंद?"

"दोन-तीन आठवडे जोर द्यायचा नाही."

"मग नको. परवाच मी फळीवरून अर्ध्याच्या पुढे गेलोय."

मेहुणा खुर्चीवरून उठलाच. "भाऊजी, इथवर येऊन तुम्ही हार मानताय?"

"हो. मानतो. सोपं आहे का ते? तू मानून बघ."

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं. तिच्या मांडीवर ती वही होती. तिने वहीचा कोपरा दुमडला, परत सरळ केला. "त्यांना नको असेल तर नको," ती म्हणाली. गाडी घराकडे निघाली. एका वळणावर सापडलेकरांना तिचे डबडबलेले डोळे काचेत दिसले. ते दुसऱ्या काचेतून बाहेर बघू लागले.

खुर्ची आली. आली आणि पहिल्याच दिवशी बाथरूमच्या दारात दोन बोटांनी अडली. गवंडी आला, भिंत फोडली, चौकट रुंद केली, घरभर तीन दिवस धूळ बसली. आत कमोडच्या शेजारी दांडी बसवली. ती पहिल्यांदा इतकी वर बसवली, की सापडलेकर म्हणाले, "हिला लोंबकळायचंय की काय मला?" गवंड्याने पुटपुटत ती काढून खाली लावली. मग पुन्हा सराव. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, तिथून आंघोळीच्या बैठकीवर. लुंगी सोडायला अकरा मिनिटं. एकदा मनगट सुजलं. एकदा चाकाचा ब्रेक लावायचा राहिला आणि खुर्ची मागच्या मागे पळाली. रोज सकाळी बायको किंवा तो माणूस दारात उभे असायचे, हात पुढे करून, आणि रोज कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर ते हात लागायचेच.

चार महिन्यांनी एका सकाळी सापडलेकर खुर्चीत बसून बाथरूमच्या दारापर्यंत गेले आणि थांबले. माणसाला त्यांनी आदल्याच दिवशी दहाला यायला सांगितलं होतं.

"तू बाहेर थांब," ते बायकोला म्हणाले.

"दार लोटून ठेवते. अर्धवट."

"अर्धवट नको."

ते आत गेले. दार बंद झालं. मग आतून कडी लागल्याचा आवाज आला.

बायको दाराला कान लावून उभी राहिली. फळीचा घसरण्याचा आवाज. थांबला. परत घसरण्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही.

"अहो?"

"काय आहे?" आतून वैतागलेला आवाज आला.

"काही नाही."

ती येऊन पलंगावर बसली. या वेळी रोज तिच्या हातात त्यांचे पाय असायचे. आता हात मांडीवर नुसतेच पडले होते. त्यांचं काय करावं ते तिला समजेना. तिने चादर सारखी केली. सारखीच होती ती.

फोन वाजला. मेहुणा होता.

"ताई, भाऊजींना दे जरा. दुसऱ्या एका सेंटरचा पत्ता मिळालाय. त्यांचं म्हणणं आहे..."

"ते आंघोळीला गेलेत," ती म्हणाली.

पलीकडे मेहुणा अडखळला. "गेलेत म्हणजे? कुणी नेलं?"

"गेलेत म्हटलं ना. वेळ लागेल त्यांना. तू नंतर कर."

तिने फोन ठेवला. आत नळ सुरू झाला. बादलीत पाणी पडू लागलं. मग काहीतरी धाडकन खाली पडलं, बहुतेक तांब्या असावा, आणि पाठोपाठ सापडलेकरांची एक सणसणीत शिवी ऐकू आली.

ती झटकन उठली. दारापर्यंत गेली नाही. मधेच थांबली, आणि परत येऊन बसली.